रूट केलेल्या फोनमधील ॲपच्या माहितीची सुरक्षा

अँड्रॉइड फोनमध्ये उत्पादकाने राखून ठेवलेले सर्वोच्च प्रशासकीय अधिकार वापरकर्त्याने मिळवणे, यास रूटिंग असे म्हणतात. रूट हे लिनक्समधील प्रशासक खात्याचे नाव होय. जुन्या फोनवर नवी प्रणाली बसवणे किंवा नको असलेली ॲप काढून टाकणे अशा कारणांसाठी फोन रूट केला जातो.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक व स्वतःचे फोल्डर मिळते. ते इतर ॲपना वाचता येत नाही. परंतु हा अडसर परवानगीचा आहे आणि रूटला परवानगी मागावी लागत नाही. फोनची साठवण कूटबद्ध असली तरी पिन टाकल्यानंतर फाइली प्रणालीसाठी उलगडलेल्याच असतात. बूटलोडर खुला करताना सर्व माहिती पुसली जाते ती याचसाठी, की हाती लागलेला फोन रूट करून आधीची माहिती कोणी वाचू नये. त्यानंतर साठवलेल्या माहितीला मात्र हे संरक्षण नसते.

==संरक्षणाचे उपाय==
ॲपने फाइल कूटबद्ध करून किल्ली शेजारच्याच फाइलीत ठेवली, तर दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवल्यासारखे होते. म्हणून किल्ली कीस्टोअरमार्फत प्रोसेसरच्या विलग भागात किंवा, अँड्रॉइड ९ (२०१८) पासून काही फोनमध्ये, स्वतंत्र चिपमध्ये ठेवतात. तेथून ती रूटलाही सहसा बाहेर काढता येत नाही. तरीही त्या ॲपचे सोंग घेऊन किल्लीकडून काम करून घेणे रूटला शक्य असते. प्रत्येक वापराला बोटाचा ठसा मागितल्यास हा धोका घटतो. पण उलगडलेला मजकूर त्या क्षणी मेमरीत असतो आणि मेमरीही रूटला वाचता येते. त्यामुळे गोपनीय माहिती फोनवर न साठवणे हाच अधिक भरवशाचा मार्ग आहे.

==भारतातील स्थिती==
भारतीय रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी डिजिटल देयकांच्या सुरक्षेविषयी निर्देश प्रसिद्ध केले. फोन रूट केलेला असल्यास ॲप चालू न देण्याची व्यवहार्यता बँकांनी पडताळावी, असे त्यांत सुचवले आहे. अनेक बँकांची ॲप अशा फोनवर उघडत नाहीत. ही तपासणी एकांगी आहे: अनेक वर्षे सुरक्षा-सुधारणा न मिळालेला, पण रूट न केलेला फोन तीत सहज उत्तीर्ण होतो. उलट मॅजिस्कसारख्या साधनांनी रूट लपवताही येते.

वापरलेला फोन विकत घेणाऱ्यास तो रूट केलेला असल्याची कल्पना असेलच असे नाही. बूटलोडर खुला असल्यास बहुतेक फोन सुरू होताना पडद्यावर तसा इशारा दाखवतात.