कामणदुर्गावरचा करार

पूर्वी मध्यमवर्गीय घरात हिमालयाचा विषय निघे तो बद्रीकेदारच्या वाटेने. मुले मार्गी लागली, पेन्शन सुरू झाली, की मग चारधामची यात्रा, अशी रीत होती. आता त्याच घरातला बावीस-पंचविशीचा मुलगा जेवता जेवता सहज सांगून टाकतो, "आई, मे महिन्यात आम्ही मित्र ट्रेकला चाललो आहोत. तेरा-चौदा हजार फुटांवर!" आईला थंडीची काळजी, वडिलांना खर्चाची. वडील विचारतात, "बरोबर कोण कोण आहे?" हा प्रश्न ते सवयीने विचारतात खरे; पण उंच डोंगरावर जाणाऱ्याला विचारावा असा याहून मोलाचा प्रश्न नाही.

वसई-विरारकडच्या तरुणांना डोंगराचे पहिले धडे द्यायला कामण आहे. वसई-दिवा मार्गावर कामण रोड नावाचे छोटेसे स्टेशन लागते. तिथे उतरले की समोरच डोंगररांगा दिसू लागतात. त्यांतलाच एक कामणदुर्ग, सुमारे २,१०० फूट उंच. पुणेकर किंवा नाशिककर ही उंची ऐकून हसतील. पण त्यांचा चढ सुरू होतो तोच मुळी दोन हजार फुटांवरून. कामणला तो जवळजवळ समुद्राच्या पातळीपासून चढावा लागतो! दाट झाडी, घामाच्या धारा आणि पावलागणिक फुटणाऱ्या ढोरवाटा. गावातला एखादा जाणता वाटाड्या बरोबर नसला, तर माणूस रानातच घिरट्या घालत राहतो. माथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. एका बाजूला तुंगारेश्वराचे रान आणि दुसरीकडे खाडीचे चमकते पाणी पाहिले, की श्रमांचे चीज होते.

आम्हा चौघा मित्रांची हिमाचलमधल्या सर पासची तयारी याच डोंगरावर झाली. दर रविवारी पाठीवर दहा-बारा किलोंचे ओझे घेऊन चढायचे आणि दुपारच्या आत उतरायचे. आमच्यातला एक गडी मोठा दमदार. आम्ही निम्म्यावर धापा टाकत असू, तेव्हा हा माथ्यावर बसून शेंगा सोलत असे!

मात्र कामणदुर्ग पाय तयार करतो, रक्त नाही. विरळ हवेचे गणित निराळेच आहे. प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, शेकडा २१. पण उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही घटतो. कामणदुर्गाच्या माथ्यावर ही घट शेकडा सातच्या आसपास असते. ती कोणाच्या ध्यानीही येत नाही. सर पासची उंची सुमारे १३,८०० फूट. तिथे समुद्रकाठच्या मानाने शेकडा साठच प्राणवायू उरतो. शरीर या टंचाईशी जुळवून घेते, पण सावकाश. श्वास काही तासांत वाढतो, मूत्रपिंडांना आपला हिशेब जुळवायला काही दिवस लागतात आणि रक्तातल्या तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर कित्येक आठवडे. म्हणून जाणकारांचा नियम असा, की दहा हजार फुटांच्या वर मुक्कामाची जागा एका दिवसात सोळाशे फुटांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी.

हा नियम मोडला, आणि कधी कधी पाळूनही, डोके दुखू लागते, मळमळते, झोप उडते. गंमत अशी, की हा त्रास पहिलवान आणि पापडपैलवान असा भेद मानत नाही. उलट तगडा माणूसच अधिक धोक्यात, कारण तो भराभर वर जातो आणि दुखणे लपवतो. दुखणे लपवून आणखी वर गेले, तर फुप्फुसांत पाणी साचते किंवा मेंदूला सूज येते. मग प्रश्न तासांचा असतो. खरे औषध एकच: खाली उतरणे.

हे सारे वाचून आम्ही कामणदुर्गाच्या माथ्यावर एक करार केला. डोके दुखले तर दुखते असे सांगायचे. सांगणाऱ्याला कोणी हसायचे नाही. आणि उतरणाऱ्याला एकटे उतरू द्यायचे नाही.

मे महिन्यात कसोलहून निघालो. ग्रहण, पदरी, मिंग थाच असे मुक्काम करत नगारूला पोचलो. उंची सुमारे साडेबारा हजार फूट, भोवती बर्फ. दुसऱ्या दिवशी पहाटे खिंड गाठायची होती. संध्याकाळी आमचा तोच शेंगा सोलणारा गडी पुढ्यातले ताट बाजूला सारून म्हणाला, "अरे, डोकं फुटतंय. सकाळपासून."

त्या क्षणी चौघांच्याही मनात काय काय आले असेल! वर्षभर साठवलेली रजा, भरलेले पैसे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवलेला बेत. तो म्हणाला, "गोळी घेतो, सकाळी बघू." इतक्यात त्याला उलटी झाली. वाटाड्याने आकाशाकडे पाहिले. उजेड होता. आमच्यातला एकजण काही न बोलता बुटांच्या नाड्या बांधू लागला. वाटाड्याबरोबर ते दोघे मिंग थाचला उतरले. रात्री तिथे त्याचे डोके हलके झाले आणि सकाळी त्याने पोटभर पोहे खाल्ले. आम्ही दोघे तेवढे खिंडीपलीकडे गेलो.

मुंबईला परतल्यावर लोक विचारत, "चौघांपैकी दोघेच पोचलात?" आम्ही म्हणत असू, "चौघेही घरी पोचलो." ज्याने न बोलता नाड्या बांधल्या, त्याच्याजवळ खिंडीचा फोटो नाही. पण आमच्या चौकडीत आजही त्याच्या शब्दाला जे वजन आहे, ते आम्हा खिंड पाहिलेल्यांच्या शब्दाला नाही.

तेव्हा आईबापांनी मुलांना जरूर जाऊ द्यावे. लोकरीचे मोजे आणि लाडूंचा डबा बरोबर द्यावाच. पण तीन गोष्टी विचाराव्यात. चढाई किती दिवसांची? कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार? आणि वेळ आलीच, तर तुझ्याबरोबर कोण मागे फिरेल? तिसऱ्या प्रश्नाला मुलाने चटकन एखादे नाव घेतले, तर निर्धास्त मनाने स्टेशनवर पोचवायला जावे.