तापीचे मूळ आणि मुख

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, तेथे कडोदरा वसले आहे. उत्तरेस तापी, दक्षिणेस मिंढोळा आणि मधल्या काळ्या सपाट भूमीत ऊस व कापडाचे कारखाने, असा हा मुलूख. बारडोलीच्या बाजूने पूर्वेस जाणारा रस्ता नवापूरवरून थेट खानदेशात पोहोचतो. पोटापाण्यासाठी याच दिशेने असंख्य खानदेशी कुटुंबे सुरतेकडे आली. ज्या नदीच्या वरच्या अंगास त्यांची शेते, तिच्याच मुखाशी त्यांच्या चुली पेटल्या.

कोकणच्या वाचकास नदी म्हटले की वाशिष्ठी किंवा मांडवी आठवते. सह्याद्रीवर पाऊस कोसळावा आणि थोड्याच वेळात खाडी गढूळ व्हावी, असा त्यांचा स्वभाव. तापीचे तसे नाही. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे सुमारे ७५० मीटर उंचीवर ती उगम पावते आणि सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याच्या खचदरीतून ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहते. चांगदेव येथे पूर्णा तिला मिळते. पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा येतात. तिच्या सुमारे ६५,००० चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी जवळजवळ चार पंचमांश महाराष्ट्रात आहे. गुजरातच्या वाट्यास खोरे थोडे, पण मुख मात्र संपूर्ण. म्हणजे पाऊस पडतो विदर्भ-खानदेशात आणि पाणी चढते सुरतेत.

हा केवळ भूगोलाचा धडा नव्हे. १९६८ च्या महापुराने सुरत बुडाली. १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले, तेव्हा हे संकट टळल्याचे अनेकांस वाटले. परंतु ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. कारण उघड आहे. सिंचन आणि वीज यांना भरलेले धरण हवे असते. पूर आवरण्यासाठी ते काही अंशी रिकामे लागते. त्यात समुद्रास भरती असली की मुखाशी पाणी तुंबते, आणि पात्रालगत वस्ती दाटली असेल तर त्यास पसरण्यास जागाच उरत नाही.

नदीला राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. त्या ठाऊक असतात कचेऱ्यांना. बुऱ्हाणपूर, भुसावळ, उकाई आणि सुरत ही एकाच प्रवाहाची ठाणी आहेत. वरच्या पावसाची वार्ता पाण्याच्या आधी खाली पोहोचली पाहिजे, ऐन पावसाळ्यात धरणात पुरासाठी राखलेली जागा लोभापायी भरू नये, आणि पूररेषेच्या आत नवे बांधकाम होऊ देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. यात नवे काही नाही. पण आपत्ती ओसरली की नेमके हेच विसरले जाते.

आषाढ शुद्ध सप्तमीस तापीची जयंती साजरी होते. सूर्यकन्या म्हणून तिची ओटी भरली जाते, दीप सोडले जातात. ही श्रद्धा आम्हांस मोलाची वाटते. मात्र मातेची ओटी भरायची आणि तिच्याच अंगणात भिंती उभारायच्या, याला भक्ती कसे म्हणावे? मुळाशी पडलेल्या पावसाची जबाबदारी मुखाने ओळखावी आणि मुखावरील संकटाची जाण मुळाने ठेवावी, हीच तापीची खरी पूजा होय.