मत मागायला येतील, तेव्हा काय विचारायचे?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा विधानसभा निवडणुकीच्या प्रचाराची धामधूम सुरू झालेली असेल. मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला आहे. मंडळीतल्या काही जणांनी मला विचारले, "आपण आदिवासी वस्त्यांवर काम करतो. मग निवडणुकीच्या दिवसांत आपण करायचे तरी काय? गप्प बसायचे का?" गप्प बसायचे नाही, पण कोणाचा प्रचारही करायचा नाही. या दोन्हींच्या मध्ये एक काम आहे. वस्तीवरच्या लोकांना उमेदवाराला नीट प्रश्न विचारता यावा, यासाठी त्यांच्या सोबत बसायचे. ते कसे करायचे, हे मी आमच्याच एका चुकीपासून सांगतो.

२०१९ च्या निवडणुकीआधी जिल्ह्यातल्या एका कोलाम पोडावर आम्ही संध्याकाळची सभा ठेवली होती. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते, त्यामुळे लोक दिवेलागणीनंतरच जमले. बोलावलेल्या उमेदवारांपैकी एक जण आले. पहिला प्रश्न मीच विचारला : "आदिवासींच्या विकासासाठी आपण काय करणार?" मला तो प्रश्न फार चांगला वाटला होता. त्यावर वीस मिनिटे भाषण झाले. रस्ते, शिक्षण, रोजगार, सगळे त्यात आले आणि हाती काहीच लागले नाही. मग मागे बसलेली एक आजी उठली. म्हणाली, "भाऊ, विकास राहू द्या. आमच्या जमिनीचा दावा कोन्या टेबलावर पडून हाय, थे पाहून सांगान का?"

उमेदवार थांबले. क्षणभराने प्रामाणिकपणे म्हणाले, "मला माहीत नाही, आजी. लिहून द्या, मी विचारतो." त्या संध्याकाळचे ते एकच खरे उत्तर होते. माझ्या प्रश्नाचे उत्तर कोणीही, कधीही, कसेही देऊ शकतो. आजीच्या प्रश्नाला एकतर उत्तर असते किंवा नसते.

वर्ध्यात हा प्रश्न विचारणे अधिक गरजेचे का आहे, तेही सांगतो. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाख आहे आणि त्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे साडेअकरा टक्के आहेत. गोंड, कोलाम, परधान, पारधी असे हे समाज आठही तालुक्यांत विखुरलेले आहेत. राज्यातल्या २८८ जागांपैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. पण आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा या आपल्या चारही जागा खुल्या आहेत. आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रातही येत नाही. त्यामुळे गडचिरोली किंवा यवतमाळच्या अनुसूचित गावांतील ग्रामसभांना पेसा कायद्याने जे अधिकार मिळतात, ते इथल्या ग्रामसभांना नाहीत. म्हणजे पोडावरच्या माणसाचा हक्काचा आमदार नाही आणि पेसाचा आधारही नाही. त्याच्याजवळ आहे ते मत, आणि मत मागायला आलेल्या माणसाला विचारण्याचा प्रश्न.

प्रश्न विचारण्याआधी आमदाराचे काम काय, हे लोकांना समजावून सांगावे लागते. शिधापत्रिकेवर सही करणे किंवा नळ दुरुस्त करणे हे आमदाराचे काम नाही. ते तहसील आणि ग्रामपंचायतीचे काम. आमदार सभागृहात तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना मांडू शकतो, आणि मग मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. हिवाळी अधिवेशन तर आपल्या शेजारी नागपुरातच भरते. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत आदिवासी उपयोजनेचा पैसा कुठे खर्च होतो, यावर तो बोलू शकतो. त्याला स्थानिक विकास निधीही मिळतो, सध्या वर्षाला ५ कोटी रुपये. विधिमंडळात अनुसूचित जमाती कल्याण समिती आहे, तिच्यापर्यंत तो विषय नेऊ शकतो. या चौकटीत बसणारा प्रश्न विचारला, तर "हे माझ्या हातात नाही" असे म्हणून त्याला सुटता येत नाही.

आता प्रश्न कसे घडवायचे ते पाहू. यंदा आम्ही वस्त्यांवर बसून जे विषय काढले, त्यातले चार देतो.

वनहक्क. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. वर्धा अनुसूचित क्षेत्रात नसला तरी हा कायदा इथे पूर्ण लागू आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. म्हणून "जमिनी मिळवून देणार का?" असे विचारू नये. "आमच्या गावाचे इतके दावे अमुक समितीत अमुक तारखेपासून आहेत. निवडून आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांची स्थिती लेखी मागवून ग्रामसभेत येऊन सांगाल का?" असे विचारावे. आकडे आणि तारखा आधी काढून ठेवणे, हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम.

जातवैधता. मुलगी बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला आणि वैधता प्रमाणपत्रापायी प्रवेश अडकला, असे प्रकार आपण दरवर्षी पाहतो. अनुसूचित जमातीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत आणि ज्यांच्या नावे सातबारा कधी नव्हता, त्यांनी तो आणायचा कुठून? पारधी बेड्यावर हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे. उमेदवाराला विचारावे : "गृहचौकशीच्या आधारे निकाल लवकर लागावेत, यासाठी सभागृहात प्रश्न मांडाल का? बेड्यावर दाखल्यांचे शिबिर लावून घ्याल का?"

शिक्षण. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. तिची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. रक्कम उशिरा आली तर खोलीचे भाडे थकते आणि मूल घरी परत येते. प्रश्न सरळ आहे : "हप्ता सत्र सुरू होतानाच जमा व्हावा, यासाठी काय कराल?"

रानातले नुकसान. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या गावांत रोही आणि रानडुकरे एका रात्रीत पीक झोपवतात, आणि वाघाच्या भीतीने जागलीला जायची सोय नाही. भरपाईची योजना आहे, पण पंचनामा वेळेत व्हावा लागतो. शिवाय जमिनीचा कागद नसेल तर भरपाई मागायला गेलेल्या माणसाची पंचाईत होते. म्हणजे हा प्रश्न पुन्हा पहिल्या प्रश्नाशीच येऊन जोडला जातो.

दारूचाही विषय निघतो, आणि तो बहुधा बायाच काढतात. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी निवडणुकीत वस्तीवर दारू पोहोचते, हे त्यांनी पाहिलेले आहे. गडचिरोलीत मुक्तिपथ अभियानाने दारूमुक्त निवडणुकीची मागणी गावोगाव नेली. आपल्या वस्त्यांनाही असे म्हणता येईल. मतासाठी दारू किंवा पैसा वाटणे हा भ्रष्टाचार आहे, आणि निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर फोटोसह तक्रार करता येते.

सभेआधी आणखी एक काम करावे. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागते. मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले यांची माहिती त्यात असते. ती आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मोबाइल असलेल्या एखाद्या तरुणाने ती वस्तीवर वाचून दाखवावी. त्यावर टीका-टिप्पणी मात्र करू नये. लोक ऐकतात आणि काय ते ठरवतात.

आता आपल्या मर्यादा. या बाबतीत आपण अतिशय जपून वागले पाहिजे. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा १९८८ चा कायदा आहे. त्यानुसार चर्चची जागा कोणत्याही राजकीय कामासाठी वापरता येत नाही. धर्माच्या नावावर मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतो. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले, की इथे मतदाराचा धर्मही धरला जाईल, केवळ उमेदवाराचा नव्हे. म्हणून सभा चर्चच्या आवारात नको. ती समाजमंदिरात किंवा झाडाखाली व्हावी. उपासनेत कोणाचे नाव घ्यायचे नाही. पाळकांनी अध्यक्षस्थानी बसू नये. संस्थेची गाडी, पैसा, फलक यांतले काही वापरायचे नाही. सभा वस्तीने स्वतः बोलवावी, सर्व उमेदवारांना सारखे निमंत्रण द्यावे, आणि निवडणूक निर्णय अधिकारी व पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवून परवानगी घ्यावी. ज्या पोडांवर आपण जातो, तिथे बहुतेक घरे ख्रिस्ती नाहीत. ते प्रश्न त्यांचे आहेत. आपण फक्त आकडे शोधून देतो, अर्ज लिहून देतो आणि सतरंजी अंथरतो.

अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपते आणि प्रचार १८ तारखेला संध्याकाळी सहाला थांबतो. म्हणजे हाती चौदाच दिवस आहेत, आणि तेही कापूस वेचणीचे. सभा संध्याकाळीच ठेवावी. प्रत्येक उमेदवाराला सारखा वेळ, चारच प्रश्न, आणि प्रश्न विचारणारा माणूस वस्तीचाच. उत्तरे वहीत लिहावीत, वाचून दाखवावीत आणि उमेदवाराची सही मागावी. सही नाही दिली, तर तेही लिहावे.

आता ती चूक. २०१९ मध्ये त्या उमेदवारांनी "लिहून द्या" म्हटले होते. आम्ही लिहिले, त्यांनी सही केली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निवडणूक झाली आणि ती वही आमच्या कपाटात राहिली. ती घेऊन पुन्हा त्यांच्या दारी कोणी गेले नाही. वस्तीला वाटले आम्ही जाऊ, आम्हाला वाटले वस्ती जाईल. यंदा पावसाळ्यात आजी वारली. दाव्याचे काय झाले, हे तिला शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही. त्याचा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकू शकत नाही.

गणनाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक आणि सरदार यांच्यापुढे उभ्या राहून आपल्या बापाच्या वाट्याची जमीन मागतात. त्यांचे मागणे थोडक्यात आणि नेमके आहे, आणि देव त्यांच्या बाजूने निर्णय देतो. ही गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. पण यहोशवाच्या १७ व्या अध्यायात त्याच बहिणी पुन्हा येतात, हे आपल्या लक्षात राहत नाही. तोवर मोशे गेलेला असतो, नवा पुढारी आलेला असतो. त्या त्याला जुन्या शब्दाची आठवण करून देतात, आणि तेव्हा कुठे जमीन त्यांच्या हाती येते.

यंदा वह्या वस्तीवरच राहतील. प्रत्येक वहीसाठी वस्तीने दोन माणसे नेमायची आहेत, त्यांतली एक बाई असावी. हिवाळी अधिवेशनाआधी आणि नंतर दर सहा महिन्यांनी ती निवडून आलेल्या आमदाराला भेटतील, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. तुमच्यापैकी ज्यांना सरकारी कागदपत्रे वाचता-लिहिता येतात, अशा निवृत्त शिक्षक-कारकुनांनी या माणसांसोबत जायला वेळ द्यावा, ही विनंती. आणि प्रार्थना करताना, जिंकणाऱ्यासाठी करा, हरणाऱ्यासाठी करा, आणि वही घेऊन त्या दारापर्यंत चालत जाणाऱ्यांसाठीही करा.

आपला सेवेतील बंधू