मिसेस सेन यांची विळी

सुट्टी संपवून होस्टेलवर परतताना बॅगेत काय काय कोंबता? शेंगदाण्याची चटणी, लोणचं, आईनं बळेच दिलेले लाडू. रूमवर डबा उघडला की अख्खं घर समोर उभं राहतं, खरं ना? मग झुंपा लाहिरीची ‘मिसेस सेन्स’ ही कथा एकदा वाचाच.

नवरा अमेरिकेत प्राध्यापक, म्हणून मिसेस सेन तिकडे गेल्यात. जाताना सोबत चक्क विळी नेलीय. हॉलमध्ये जमिनीवर पेपर पसरून त्या भाजी चिरतात. ज्याला त्या सांभाळतात, त्या ११ वर्षांच्या एलियटला सांगतात, की तिकडे लग्न असलं की शेजारच्या बायका आपापली विळी घेऊन गच्चीवर जमतात आणि रात्रभर गप्पा मारत ढीगभर भाजी चिरतात. त्या गलक्यात वाढलेल्या बाईला इथली शांतता सोसत नाही. मी जोरात ओरडले तर कुणी येईल का, असं त्या एलियटला विचारतात. पोरगं खरं तेच बोलतं. फोन करतील कदाचित, पण आवाज फार होतोय अशी तक्रारही करतील!

ही कथा ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ या १९९९च्या संग्रहातली. नऊ कथांच्या या पुस्तकाला २००० साली पुलित्झर मिळालं. लाहिरीचे आईवडील बंगाली, तिचा जन्म लंडनचा आणि बालपण अमेरिकेत. त्यामुळे देश सोडून आलेली माणसं आणि तिथेच वाढलेली त्यांची मुलं, दोघांचंही मन तिला कळतं.

याच संग्रहातले मिस्टर पिरझादा बघा. साल १९७१. बायको आणि सात मुली ढाक्यात, हे अमेरिकेत. जेवायला बसण्याआधी खिशातलं घड्याळ काढून समोर ठेवतात. त्यात वेळ ढाक्याची! छोट्या लिलियाला प्रश्न पडतो, की यांची भाषा आपलीच, जेवणही आपल्यासारखंच, मग हे ‘आपले’ का नाहीत? फाळणीचा नकाशा दाखवूनही तिला ते पटत नाही.

सगळ्याच कथा उदास नाहीत हं. ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट’मध्ये बॉस्टनजवळ राहायला आलेल्या तरुणाची नवी बायको त्याला परकीच वाटत असते. पण १०३ वर्षांची त्याची जुनी घरमालकीण तिला नीट न्याहाळते आणि मनापासून पसंतीची पावती देते. तिथून त्या दोघांतलं अंतर कमी होऊ लागतं.

म्हणजे नवं गाव आपलं होणं फक्त येणाऱ्याच्या हातात नसतं. दार उघडणारं कुणीतरी लागतं. तुमच्याही वर्गात लांबून आलेलं, वेगळ्या हेलात बोलणारं कुणी असेल. त्याच्या बोलण्यावर हसायचं, की त्याला कॅन्टीनमध्ये आपल्या टेबलावर बोलवायचं? ठरवा तुम्हीच.