नदी अडवणारी डोंगररांग

कराडहून रेल्वेनं मिरजेकडे निघालं की डाव्या हाताला एक बुटकी, उघडीबोडकी रांग दूरवर सोबत करते. महादेव डोंगरातून दक्षिणेकडे जे फाटे फुटतात, त्यांतला हा वर्धनगड-मच्छिंद्रगडाचा फाटा. पुसेगावजवळच्या वर्धनगडापासून ही रांग कराडच्या सदाशिवगडाजवळून सांगली जिल्ह्यात उतरते आणि कुंडलच्या आसपास संपते. ट्रेकर इथं फारसे फिरकत नाहीत. पण साताऱ्या-सांगलीचं पाणी समजून घ्यायचं असेल तर याच डोंगराकडे बघावं लागतं.

पूर्वेकडच्या दुष्काळाचा दोष बरेच जण या रांगेवर टाकतात, तो मला पटत नाही. पाऊस सह्याद्रीवरच सांडून जातो: महाबळेश्वरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास, माणदेशात जेमतेम पाचशे. ही रांग अडवते ती नदी. पश्चिमेच्या पायथ्याशी बारमाही कृष्णा आणि ऊस. घाट चढून पलीकडे उतरलं की येरळेचं कोरडं खोरं. येरळाही शेवटी ब्रह्मनाळजवळ कृष्णेलाच मिळते, पण तोवर खटाव, खानापूरचे मळे तहानलेलेच राहतात. म्हणून टेंभू आणि ताकारी योजनांचे पंप कृष्णेचं पाणी उचलून या चढापलीकडे नेतात. कडेगाव-विट्याकडच्या शेतकऱ्याला 'आवर्तन कधी सुटणार', म्हणजे योजनेच्या पाण्याची पाळी कधी येणार, हा प्रश्न पावसाइतकाच महत्त्वाचा, तो यामुळं.

या पायथ्याच्या गावांनी इतिहासही घडवला. येडेमच्छिंद्र हे क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव. कुंडल हा त्यांच्या प्रतिसरकारचा, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर सरकारचा, बालेकिल्ला. 7 जून 1943 रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं सरकारी पगाराची रेल्वे लुटली ती शेणोलीजवळ. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तेव्हा यातला बराचसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं.

देवराष्ट्र्याच्या माथ्यावरचं सागरेश्वर अभयारण्य मला या साऱ्यांत सर्वांत मोलाचं वाटतं. जुन्या देवळांभोवतीचा हा डोंगर बोडका होता. धों. म. मोहिते यांनी वृक्षलागवडीचा ध्यास घेतला, झाडं लावून घेतली, हरणं आणवली आणि 1985 साली जेमतेम 11 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. आज तिथं चितळ, सांबर आणि काळवीट आहेत. उन्हाळ्यात त्यांना पाणवठ्यांत पाणी भरून द्यावं लागतं, आणि कृष्णा तिथून खाली दिसत असते.