लिनक्स कर्नलची बांधणी

लिनक्स कर्नलची बांधणी म्हणजे लिनक्स संचालन प्रणालीच्या मूळ सोर्स कोडपासून संगणकावर चालणारा कर्नल, अर्थात प्रणालीचा गाभा, तयार करणे होय. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला हा कर्नल प्रोसेसर, स्मृती व उपकरणे यांचे नियंत्रण करतो. तो सुरू न झाल्यास कोणताही प्रोग्रॅम चालत नाही. म्हणून नव्या कर्नलच्या स्थापनेत जुना कर्नल वापरण्याजोगा राखणे महत्त्वाचे असते.

पडताळणी

सोर्स कोड कर्नल डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीसह उपलब्ध असतो. ऑगस्ट २०११ मध्ये या संकेतस्थळाच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचे उघडकीस आले. उतरवलेला कोड अस्सल असल्याची खात्री स्वाक्षरी तपासून करता येते.

संरचना

प्रत्येक सुविधा कर्नलमध्येच समाविष्ट करणे, स्वतंत्र मॉड्यूल म्हणून ठेवणे किंवा वगळणे, हे संरचना फाइलमध्ये ठरते. चालू कर्नलची संरचना फाइल आधार म्हणून घेणे सुरक्षित ठरते. 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' ही आज्ञा त्यात नव्या पर्यायांची मूलभूत मूल्ये भरते. मुख्य डिस्कचा ड्रायव्हर कर्नलमध्ये किंवा आरंभिक रॅम प्रतिमेत नसल्यास संगणक सुरू होताना 'कर्नल पॅनिक' होऊन थांबतो. आवृत्तीच्या नावाला वेगळा प्रत्यय दिल्यास त्याच आवृत्तीच्या जुन्या मॉड्यूलांवर नवी मॉड्यूले लिहिली जात नाहीत.

बांधणी व स्थापना

'मेक' या आज्ञेने होणारी बांधणी सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात करता येते. ती चालू प्रणालीला हात लावत नसल्याने फसली तरी हानी होत नाही. प्रशासकीय अधिकार स्थापनेसाठीच लागतात. स्थापनेत मॉड्यूले व कर्नल आपापल्या निर्देशिकांत ठेवले जातात, आरंभिक रॅम प्रतिमा बनवली जाते आणि ग्रबसारख्या बूटलोडरच्या यादीत नवी नोंद होते. सिक्युअर बूट चालू असल्यास विश्वासार्ह स्वाक्षरी नसलेला कर्नल नाकारला जाऊ शकतो.

परतीचा मार्ग

जुना कर्नल बूटलोडरच्या यादीत राहिल्यास नवा कर्नल अपयशी ठरला तरी जुन्याने संगणक सुरू करता येतो. दूरस्थ सर्व्हरवर पडद्यासमोर बसून निवड करणे शक्य नसते. तेथे योग्य मांडणी केलेल्या ग्रबला नवा कर्नल केवळ एकदाच निवडण्यास सांगता येते. कर्नलला 'पॅनिक=१०' हा घटक दिल्यास पॅनिकनंतर १० सेकंदांनी संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो आणि जुन्या कर्नलकडे परततो. मात्र पॅनिक न होता केवळ नेटवर्क बंद पडल्यास ही युक्ती उपयोगी पडत नाही. नेटवर्क, डिस्क व बाह्य ड्रायव्हर यांची चाचणी पूर्ण झाल्यावरच जुना कर्नल काढणे योग्य ठरते.