खेड्यात स्तनांचा कर्करोग कमी का?

भारतातली ग्रामीण भागासाठीची पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी येथे सुरू झाली. तिच्यातून दिसले, की स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण या भागात मुंबईच्या निम्म्याहूनही कमी आहे. दोन्हीकडच्या स्त्रियांच्या वयोमानातला फरक जमेस धरूनही हे अंतर राहते. असे का व्हावे?

स्वच्छ हवा, ताजे अन्न ही उत्तरे चटकन सुचतात. पण मुख्य कारण शरीरातच आहे. बीजांडकोशातून स्रवणारी ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके दर पाळीच्या चक्रात स्तनांतल्या पेशींना विभाजनाची सूचना देतात. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चूक होण्याची थोडी शक्यता असते. चक्रे जितकी अधिक, तितक्या चुकीच्या संधी अधिक.

फळ्यावर एक हिशेब मांडू. पाळी १३व्या वर्षी आली, ४८व्या वर्षी गेली आणि मूल झाले नाही, तर वर्षाला १३ याप्रमाणे ३५ वर्षांत ४५५ चक्रे होतात. दुसरीची पाळी १५व्या वर्षी आली. तिला चार मुले झाली आणि प्रत्येक वेळी गरोदरपण व अंगावर पाजणे मिळून पावणेदोन वर्षे पाळी थांबली. तिची चक्रे ३३८ भरतात. शिवाय बाळंतपण व स्तनपान यांमुळे स्तनांतल्या पेशी परिपक्व होतात, हा वेगळा लाभ. ३० देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार दर बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी आणि स्तनपानाच्या दर वर्षामागे सुमारे ४ टक्क्यांनी घटतो.

मग मुलींची लग्ने लवकर करावीत काय? मुळीच नाही. बार्शीच्याच सुरुवातीच्या नोंदींत स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत अधिक होता. तो ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. लहान वयातले लग्न व वारंवारची बाळंतपणे त्याचा धोका वाढवतात.

मुली शिकतील, लग्ने उशिरा होतील, मुले कमी होतील. हे चांगलेच आहे. पण त्याबरोबर स्तनांचा कर्करोगही वाढू शकतो. स्तनपान, नियमित व्यायाम आणि पाळी गेल्यावर वजनावर ताबा हे उपाय आपल्या हाती आहेत. उतारवयात चरबीतही ईस्ट्रोजेन तयार होते, हे विसरू नये.

आणि कमी प्रमाण म्हणजे अभय नव्हे. स्तनातली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून संकोचापायी ती लपवली जाते. ‘न दुखणारी गाठही डॉक्टरांना दाखवावी’ एवढे एक वाक्य वर्गातून घरी पोचले, तरी एखाद्या विद्यार्थिनीची आई वेळेवर दवाखान्यात जाईल.